घरच्या संगणकाला रॅम किती लागते?

बारावीचा निकाल लागला आणि सीईटीचे गुण हाती आले, की साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत संगणकाच्या दुकानांत माणसं दिसू लागतात. मुलगी, वडील आणि सोबत एखादा मामा; मामाला यातलं कळतं, असा घरात समज असतो. प्रोसेसर कोणता, डिस्क कसली, कीबोर्ड बरा आहे का, यावर फारसं बोलणं होत नाही. विचारलं जातं ते रॅमचं. ‘किती टाकायची?’ आणि काउंटरपलीकडून उत्तर येतं, ‘आता सोळाच घ्या, परत बघायला नको.’

रॅमवरच एवढा भर का? प्रोसेसरच्या नावातले आकडे आणि अक्षरं दुकानदारालाही नीट पाठ नसतात. रॅमचा आकडा मात्र चार, आठ, सोळा असा सरळ असतो आणि मोठा म्हणजे चांगला, एवढं कुणालाही कळतं. त्यामुळे घासाघीस होते ती त्या आकड्यावर आणि पैसे वाया जातात तेही तिथंच. दुकानदार खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. तो सावध असतो. कमी सांगितलं आणि सहा महिन्यांनी ‘मशिन हँग होतंय’ म्हणत गिऱ्हाईक परत आलं, तर त्रास त्याला; जास्त सांगितलं तर खर्च गिऱ्हाइकाला.

ही पुस्तिका काउंटरच्या अलीकडच्या माणसासाठी आहे. तिचं म्हणणं इथंच सांगून टाकतो. ऑनलाइन अर्ज, सातबारा काढणं, बँकेचे व्यवहार, वर्ड-एक्सेल, मुलांचा अभ्यास, यूट्यूब, अधूनमधून व्हिडिओ कॉल, एवढ्याला आज ८ जीबी पुरते. नवा लॅपटॉप घेताय आणि त्यातली रॅम पुढं वाढवता येणार नसेल, तर १६ घ्या. ३२ ज्याला लागते त्याला ती कशासाठी लागते हे पक्कं ठाऊक असतं. तो ही पुस्तिका उघडायचा नाही. आणि घरातलं जुनं मशिन संथ झालं असेल, तर पुष्कळदा दोष रॅमचा नसतोच. हे चार-पाच ओळींत संपलं खरं, पण नुसते आकडे पाठ करून भागत नाही. ते दर काही वर्षांनी बदलतात. ते कुठून येतात हे कळलं, तर पुढच्या वेळी दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

आधी एक घोळ निस्तरू. फोनमध्ये फोटो मावेनासे झाले की आपण ‘मेमरी फुल झाली’ म्हणतो. ती साठवण. रॅम वेगळी. सांगलीशेजारच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत. जमिनीखाली खणलेली, वर्षानुवर्षं माल टिकवणारी. २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी निकामी झाली. पेवात माल मावतो पुष्कळ, पण मनात आलं की लगेच काढता येत नाही. तोंड उघडायचं, आत कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग माणूस खाली उतरणार. आणि सौदा काही पेवात होत नाही. तो होतो मार्केट यार्डात, अडत्याच्या दुकानापुढं ओतलेल्या ढिगाशी. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे पेव आणि रॅम म्हणजे दुकानापुढची ती मोकळी जागा. तिथं जेवढा माल ओतलेला असेल, तेवढ्याचाच व्यवहार झटपट होतो. जागा संपली की एक ढीग उचलून परत आत टाकायचा आणि दुसरा बाहेर काढायचा. संगणक ‘हँग’ होतो तेव्हा बहुधा हीच उचल-टाक चाललेली असते.

ही उचल-टाक किती महाग पडते ते पाहा. रॅममधली गोष्ट प्रोसेसरला साधारण शंभर नॅनोसेकंदांत मिळते. एसएसडीवरून तीच आणायला ढोबळमानानं हजारपट वेळ लागतो. फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कवरून आणायची तर दहा मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. म्हणून रॅम अपुरी असलेला एसएसडीचा संगणक थोडा अडखळतो, आणि रॅम अपुरी असलेला हार्ड डिस्कचा संगणक चहा होईपर्यंत थांबायला लावतो.

रॅमचा दुसरा गुण, किंवा अवगुण, आपल्याकडच्या लोकांना पुस्तकात वाचायची गरज पडली नाही. १९६०च्या दशकात आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधलेल्या रचनेत प्रत्येक बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार धरून ठेवणारा एक चिमुकला कपॅसिटर असतो. हा भार गळत असतो. त्यामुळे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावं लागतं, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. वीज गेली की भरणं थांबतं आणि सगळं पुसलं जातं. भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी शाळेचं निकालपत्रक किंवा पतसंस्थेचा ताळेबंद टाइप केला आहे, त्यांच्या बोटांना दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबायची सवय लागली ती यामुळेच. इन्व्हर्टर आला तरी ती सवय गेलेली नाही, आणि जाऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्या कामाला मुळात किती जागा लागते? याचा हिशेब मराठीतच करून पाहण्यासारखा आहे, कारण आपलं बरंचसं काम शेवटी मराठी मजकुराचं असतं.

१९८४ च्या सुमारास केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. त्यात वापरलेल्या बीबीसी मायक्रो यंत्रांत ३२ किलोबाइट रॅम होती. एवढ्या यंत्रावर मुलं बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहायला शिकली. पुढं १९९१ मध्ये ‘इस्की’ हा भारतीय लिप्यांसाठीचा संकेत मानक म्हणून आला. त्यात एका मराठी चिन्हाला एक बाइट पुरत असे. आज आपण वापरतो त्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याच चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘सातारा’ हे नाव इस्कीत सहा बाइटांचं होतं, आता अठरा बाइटांचं आहे. सांगलीकरांनी नाराज होऊ नये. ‘सांगली’लाही अठराच लागतात. इंग्रजी अक्षराला मात्र आजही एकच बाइट. मराठीवर हा अन्याय आहे, असं कुणी म्हणालंच तर आकडा ऐकून गप्प बसेल. ही अख्खी प्रस्तावना चाळीस-पन्नास किलोबाइटांत बसते. बीबीसी मायक्रोत ती मावली नसती, पण आजच्या ८ जीबीत तिच्या दीड लाखाहून जास्त प्रती मावतील.

याहून मोठं माप घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याच्या संपादनाला आरंभ केला, तो मराठी विश्वकोश. त्याचे वीस खंड. सढळ हातानं एका खंडाची हजार पानं आणि पानावर हजार शब्द धरू. दोन कोटी शब्द झाले. शब्दाला मधल्या जागेसकट वीस बाइट धरले, तर सगळा मजकूर चाळीस कोटी बाइटांचा, म्हणजे सुमारे ४०० मेगाबाइट. अर्धा जीबीसुद्धा नाही. ढोबळ हिशेब आहे, चित्रं यात धरलेली नाहीत. पण चुकला तरी दुप्पट-निमपट चुकेल, दहापट नाही. आता एखाद्या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडा. कडेला हलणाऱ्या जाहिराती, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, खाली न संपणारी यादी. या एका टॅबनं दोनशे-तीनशे मेगाबाइट सहज घेतले असतील. मराठीतलं ज्ञानाचं एवढं मोठं काम दोन टॅबांच्या जागेत बसतं.

या पुस्तिकेचा सूर कुठं असेल तर तो इथं आहे. आपलं काम फारसं वाढलेलं नाही. त्याच्या भोवतीचं वाढलं आहे. विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट रॅम लागत होती. २००१ च्या एक्सपीला ६४ मेगाबाइट. २००९ च्या विंडोज ७ ला १ जीबी. २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. सव्वीस वर्षांत हजारपट. या काळात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, सोसायटीची नोटीस, बहिणीच्या लग्नाची पत्रिका किंवा ऊसबिलाचा हिशेब हजारपट मोठा झाला नाही. आणि कंपनी ‘किमान’ म्हणते तेव्हा तिचा अर्थ एवढाच की यंत्र सुरू होईल. त्यावर काम करवेल, असं ती म्हणत नाही. विंडोज ११ चा ४ जीबीचा लॅपटॉप ज्यांनी स्वस्त म्हणून घेतला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग रॅम खातं कोण? मुख्यतः ब्राउझर. क्रोम २००८ मध्ये आला तो प्रत्येक टॅब स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालवत. एक पान कोसळलं तरी बाकीची उभी राहावीत, हा हेतू. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली खोट उघड झाल्यावर क्रोमनं प्रत्येक संकेतस्थळ आणखी अलग कोंडायला सुरुवात केली. एका टॅबमधल्या लबाड पानाला शेजारच्या टॅबमधला बँकेचा मजकूर वाचता येऊ नये, म्हणून. त्यापायी रॅमचा वापर सुमारे दहा टक्क्यांनी वाढला, हे गूगलनंच सांगितलं. म्हणजे ही सगळी उधळपट्टी आळसातून आलेली नाही. काही भाग आपल्या सुरक्षेची किंमत आहे आणि ती द्यावी. पण काही भाग निव्वळ आळसच आहे. कित्येक कंपन्या आता विंडोजसाठी वेगळं ॲप लिहीतच नाहीत. संकेतस्थळ एका खोक्यात घालतात आणि त्यालाच ॲप म्हणतात. प्रत्येक खोक्यासोबत एक लहानसा ब्राउझर येतो. संगणक सुरू करताच असे तीन-चार खोके मागं जागे होतात आणि आपण अजून काही उघडलेलंही नसतं.

म्हणून ‘रॅम किती?’ याआधीचा प्रश्न ‘एका वेळी काय काय उघडं असतं?’ हा आहे. त्याचं उत्तर घराघरांत निराळं असतं. इथली काही नेहमीची घरं घेऊन पाहू.

प्राथमिक शिक्षकाचं घर. युडायस प्लसची माहिती भरायची, शालार्थवर पगाराचं बघायचं, एक्सेलमध्ये पट, शिवाय व्हॉट्सॲप वेबवर केंद्रप्रमुखांचे निरोप. या सगळ्याला ४ जीबीत घुसमट होते, ८ मध्ये होत नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर एकाच संगणकावर आईचा ऑनलाइन वर्ग आणि मुलाचा अभ्यास उरकणाऱ्या घरांत ४ जीबीची मशिन पहिल्यांदा उघडी पडली, कारण व्हिडिओ कॉल, ब्राउझर आणि वर्ड ही तिन्ही तोवर एकत्र कधी चाललीच नव्हती. संकेतस्थळ शेवटच्या तारखेला उघडत नाही, तो मात्र तुमच्या रॅमचा दोष नव्हे. तिकडच्या सर्व्हरवर गर्दी झालेली असते. या कारणासाठी रॅम वाढवून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या किंवा तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याचं घर-कम-ऑफिस. टॅली, जीएसटीचं पोर्टल, बँक. टॅलीचा जीव लहान आहे. अनेक वर्षांचा हिशेब असला तरी ८ जीबी पुरून उरते. इथं रॅमवर जाणारे पैसे एसएसडी, यूपीएस आणि बॅकअपच्या डिस्कवर घालावेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा कामी आली असती ती वरच्या मजल्यावर ठेवलेली बॅकअपची डिस्क. रॅम आठची आहे की सोळाची, याला पुरात काही अर्थ नसतो.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय महाविद्यालय, साखराळ्याचं राजारामबापू. प्रवेश कुठंही मिळो, पहिल्या वर्षी सी आणि पायथनचे जे प्रोग्रॅम लिहायचे, ते ४ जीबीतही धावतात. पण लॅपटॉप चार वर्षं वापरायचा असतो. तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायची वेळ आली, तर गूगल स्वतः १६ जीबी सांगतं. यंत्र आणि स्थापत्य शाखांतली त्रिमितीय आरेखनाची सॉफ्टवेअरही तेवढीच मागतात. दुकानदाराचं ‘सोळाच घ्या’ या घरापुरतं बरोबर आहे. फक्त त्यासाठी पहिल्याच दिवशी सोळाचे पैसे मोजायचे, की आठची घेऊन एक स्लॉट मोकळा ठेवायचा आणि तिसऱ्या वर्षी भर घालायची, हा वेगळा प्रश्न आहे. स्लॉट असेल तर दुसरा मार्ग मला बरा वाटतो. आजकालच्या पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. तिथं दुसरा मार्गच नाही. घेताना घ्यायची तेवढीच.

संगीतवाल्यांची समजूत असते की रेकॉर्डिंगला प्रचंड रॅम लागते. मिरजेत, तंबोऱ्यांच्या गावात, एखाद्यानं घरी तासाभराची बैठक ध्वनिमुद्रित केली, तर सीडीच्या दर्जाचा ध्वनी मिनिटाला दहा मेगाबाइट होतो, तासाला सहाशेच्या थोडं वर. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तेवढंही एकदम रॅममध्ये धरत नाही. येईल तसं डिस्कवर लिहीत जातं. ८ जीबीत मैफल आरामात होते. इथं पैसे घालायचे ते माइकवर.

आणि मग ज्याला खरोखर रॅम लागते तो माणूस: फ्लेक्स करणारा. साताऱ्या-सांगलीच्या कोणत्याही चौकात मान वर करा, त्याचं काम दिसेल. दहा बाय वीस फुटांचा फलक, इंचाला ७२ ठिपके एवढ्या माफक दर्जानं धरला, तरी ८६४० गुणिले १७,२८० ठिपके होतात, म्हणजे पंधरा कोटींना थोडे कमी. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येकी एक बाइट. फलक भरून टाकणारा एकेक थर साठ कोटी बाइटांचा, अर्ध्या जीबीहून मोठा. मागं सूर्याची किरणं हा एक थर, त्यावर झळाळी दुसरा, त्यावर साहेब, आणि खाली शुभेच्छुकांचे पंचवीस चेहरे, प्रत्येक आपापल्या थरावर. चेहऱ्यांचे थर लहान असतात म्हणून बरं. शिवाय ‘आमचा फोटो जरा मोठा करा’ असा फोन आला की मागं जाण्यासाठी फोटोशॉपनं आधीच्या पायऱ्याही लक्षात ठेवलेल्या असतात. विश्वकोशाचे वीस खंड जेवढ्यात मावतात, त्याहून जास्त जागा वाढदिवसाच्या एका फलकाच्या पार्श्वभूमीला लागते. या माणसानं ३२ जीबी घ्यावी. त्याचे पैसे वसूल होतात. लग्नाचं फोर-के चित्रीकरण जोडणाऱ्यानंही घ्यावी. तिथं एकेक चौकट उलगडली की तीन कोटी बाइटांहून मोठी असते आणि सेकंदाला अशा पंचवीस लागतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावानं अलीकडे १६ चा आग्रह वाढला आहे. मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस’ नावाखाली येणाऱ्या लॅपटॉपांना किमान १६ जीबीची अट घातली. कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल आपल्याच मशिनवर चालवायचं असेल तर ही गरज खरी आहे. सात अब्ज घटकांचं लहान मॉडेल दाबून बसवलं तरी चारेक जीबी अडवून ठेवतं. पण चॅटजीपीटी किंवा जेमिनाय ब्राउझरमध्ये उघडून प्रश्न विचारायचा असेल, तर गणित दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर होतं. आपल्याकडे खर्च होतो तो एका टॅबचा.

घरच्या मशिनला रॅम कमी पडते की नाही, हे अंदाजानं ठरवू नका, मोजता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीचं काम नेहमीसारखं चालू ठेवा आणि मेमरीचा आकडा बघा. साठ-सत्तर टक्के दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. उरलेली रॅमही विंडोज रिकामी ठेवत नाही. तुम्ही वारंवार उघडता त्या गोष्टी आधीच आणून ठेवते आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडते. काळजी तेव्हा करायची, जेव्हा मेमरी नव्वदच्या पुढं अडून बसते आणि त्याच वेळी डिस्कही शंभर टक्क्यांवर चिकटते. मेमरी पन्नासवर आणि डिस्क शंभरावर असेल, तर रॅम घालून काहीही होणार नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालायची. दहा वर्षं जुन्या मशिनवर एवढ्या एका बदलानं जो फरक पडतो, तो रॅम दुप्पट करूनही पडत नाही. मोजक्या खर्चात एकच गोष्ट करायची झाली, तर माझं मत कायम एसएसडीला.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून बाहेर पडलेली जुनी मशिन आपल्याकडे ‘रिफर्बिश्ड’ म्हणून येतात. ती वाईट नसतात, पण घेताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे रॅमची पिढी. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत; खाचेची जागाच वेगळी असते आणि व्होल्टेजही, दीड, एक पूर्णांक दोन आणि एक पूर्णांक एक. घरात पडून असलेली जुनी पट्टी नव्या मशिनला चालेल, ही आशा सोडावी. दुसरी गोष्ट, ‘विंडोज मारून देतो’ म्हणणाऱ्यानं ३२ बिटांची विंडोज घातली नाही ना, हे बघावं. ३२ बिटांत चार जीबीच्या पलीकडचे पत्ते मोजताच येत नाहीत. आठची पट्टी लावली तरी साडेतीनच्या आसपास दिसते आणि उरलेली नुसतीच बसून राहते. तिसरी गोष्ट नवी आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीच्या मशिनमध्ये १६ जीबी कोंबली तरी ती अट पुरी होत नाही. अशा मशिनवर लिनक्स मिंट घालून पाहावं. त्याला ४ जीबी पुरेशी होते, आणि ब्राउझरवर चालणाऱ्या बहुतेक कामांना खाली विंडोज आहे की लिनक्स, याचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक, दुरुस्तीचा खर्च वाचवणारं. पावसाळ्यात, विशेषतः महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या बाजूला, मशिन सुरूच होत नाही. नुसतं बीप-बीप करतं. रॅम ‘गेली’ असं समजून नवी घेऊ नका. दमट हवेनं पट्टीच्या सोनेरी टोकांवर थर बसतो. वीज पूर्ण बंद करून, पिन काढून, पट्टी सोडवायची, शाळेच्या साध्या खोडरबरानं टोकं हलक्या हातानं पुसायची, चुरा झटकायचा आणि कट्ट असा आवाज येईपर्यंत परत बसवायची. आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या खिशात तो रबर असतो. त्याचे पैसे त्याला द्यावेत, ते कौशल्य आहे. पण नव्या पट्टीचे देऊ नयेत.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण भाव. इतकी वर्षं रॅम स्वस्त होत आली, त्यामुळे ‘घेऊन टाका जास्तीची’ या सल्ल्यात फारसं नुकसान नव्हतं. २०२५ च्या उत्तरार्धापासून वारं फिरलं. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि तिघींनाही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून एवढी मागणी आली, की घरगुती रॅमला कारखान्यात जागा उरेना. डीडीआर-५ चे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा आपला व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅपटॉपची रॅम वाढवणाऱ्या कित्येकांनी तीच पट्टी वापरली होती. भाव पुढं कुठं जातील हे सांगण्याचा आव मी आणणार नाही. पण न लागणारी आठ जीबी आता फुकटात पडत नाही, हे नक्की.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक कामाचे आकडे, मोजण्याच्या पायऱ्या आणि पट्टी बदलण्याची रीत चित्रांसह दिली आहे. सगळं वाचायचा कंटाळा असेल तर मोजण्याचं प्रकरण तेवढं वाचा आणि आठवडाभर रोज संध्याकाळी मेमरीचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. मग दुकानात जा. नवा लॅपटॉप घेत असाल तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: रॅम डाग दिलेली आहे की काढता येते, आणि एक स्लॉट मोकळा आहे का. उत्तर तोंडी घेऊ नका, बिलावर लिहून घ्या.